पोरांचा आनंद पाठटाचणात कसा आणायचा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते सातवी. पटावर कोलाम आदिवासींच्या पोडावरची (पाड्यावरची) मुलं आहेत, तांड्यावरची बंजारा मुलं आहेत, गावातल्या बौद्ध, गोंड आणि कुणबी घरांतली आहेत. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत नवे रुजू झालेले शिक्षक भेटले की बहुतेकांची तक्रार एकच असते: पोरं वर्गात तोंड उघडत नाहीत. तीच पोरं शाळा सुटल्यावर नाल्याच्या काठावर किती बोलतात, काय गातात, कोणाकोणाच्या नकला करतात, हे एकदा जाऊन पाहा. बोलणं त्यांच्याकडे भरपूर आहे. ते फाटकाबाहेर ठेवून आत यायचं, ही सवय आपण लावली आहे. ती मोडण्यासाठी मी काय करते, ते इथे सविस्तर लिहिते. ज्याला जे जमेल ते त्यानं उचलावं आणि आपल्या गावाप्रमाणे बदलावं.

या कामाचा धागा मला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शिक्षकांकडे सापडला. तिकडे ‘ब्लॅक जॉय’ या नावानं हा विचार मांडला जातो. काळ्या मुलाला शाळेत त्याच्या माणसांबद्दल काय ऐकायला मिळतं? गुलामांची जहाजं, फटके, वेगळ्या शाळा, गोळीबार. हे सगळं घडलेलं आहे आणि शिकवलंच पाहिजे. पण एवढंच शिकवलं तर मुलाच्या मनात बसतं की माझी माणसं म्हणजे सोसणारी माणसं. ज्यांना आठवडाभर राबवलं जायचं तेच लोक न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये रविवारी जमून ढोल वाजवत, नाचत. पुढच्या जॅझ संगीताची मुळं शोधणारे त्या मैदानापर्यंत जातात. १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला गुलामगिरी संपल्याचा हुकूम वाचला गेला. तिथले लोक तेव्हापासून हा दिवस जेवणावळी घालून, गाणी म्हणून पाळत आले, आणि २०२१ मध्ये तो देशाची सुट्टी झाला. हेही त्या मुलाचंच आहे. अन्याय संपायची वाट न पाहता माणसांनी आपलं हसणं, गाणं, सजणं, एकमेकांसाठी रांधणं चालू ठेवलं. तो आनंद शिक्षणाचाच भाग आहे, असं हे शिक्षक म्हणतात. अभ्यास झाल्यावर बक्षीस म्हणून द्यायची ती गोष्ट नाही.

हे मला लगेच पटलं, कारण मी बौद्ध घरातली आहे. आमच्या घरी १४ एप्रिल म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. नवे कपडे, रात्रभर भीमगीतं, दारोदारी गोडधोड, मावश्या-आत्या माहेरी आलेल्या. शाळेच्या पुस्तकात मात्र आमची माणसं भेटायची ती फक्त पाण्याला शिवू न दिलेली, मंदिराबाहेर उभी केलेली. दोन्ही खरं होतं, पण शाळेत एकच पोचलं होतं.

कुणाला ही उसनवारी वाटेल, तर तसं नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतली गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, कृष्णवर्णीयांची वस्ती असलेलं हार्लेम तिथून अगदी लागून. आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलेल्या नावापासूनच तिनं हे नातं सांगितलं. जात आणि वर्ण एकच आहेत असं माझं म्हणणं नाही. कोलाम मुलाचं जगणं अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या काळ्या मुलासारखं नाही. रीत मात्र घेता येते.

आधी एक वही करा

सुरुवात फळ्यापासून करू नका. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक मुलासाठी एक पान सोडा. त्या पानावर तीनच गोष्टी यायच्या: या मुलाला कशाचा आनंद होतो, ते कोणाकडून शिकलं, आणि ते दुसऱ्याला काय शिकवू शकतं.

“तुला काय आवडतं?” असं विचाराल तर “खेळायला” एवढंच उत्तर मिळेल, किंवा मोबाइल. प्रश्न वेगळे विचारावे लागतात. तुमच्या घरी सगळे मिळून शेवटचं मोठ्यानं कधी हसले, काय झालं होतं? तुले असं कोणतं काम येते जे तुझ्या काकालेही येत नाही? तुझी आजी कोणतं गाणं म्हणते, आणि कवा म्हणते? प्रश्न मुलाच्या बोलीत विचारा. वऱ्हाडी बोलायला शिक्षकाला लाज वाटायचं काही कारण नाही. “काऊन रे, सांग ना” म्हटलं की पोरगं निम्मं मोकळं होतं. कोलामी किंवा गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्या घरात वाढलेल्या पहिलीच्या मुलासाठी त्याच्या मोठ्या बहिणीला शेजारी बसवा. ती सांगेल, तुम्ही लिहा. तिच्याकडून रोज एक-दोन शब्द शिकून दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी वापरा. चुकलात तर वर्ग तुम्हाला दुरुस्त करतो, आणि ज्या मुलानं कधी हात वर केला नाही तेच आधी दुरुस्त करतं.

वही भरायला घरोघरी जावं लागतं. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळीच जा, दिवसा घरी कोणी नसतं. पोडावर गेलात तर कागदपत्रांचा विषय काढू नका. आधार, जातीचा दाखला, बँक पासबुक यासाठी शिक्षक येतो हे लोकांना पाठ झालंय. एक फेरी निव्वळ पोराचं कौतुक करायला गेली पाहिजे.

सहावी-सातवीला मी आणखी तीन प्रश्न देते. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत कृष्णवर्णीय मुलांसाठी चाळीसच्या आसपास ‘फ्रीडम स्कूल’ उघडल्या होत्या. चर्चच्या तळघरात, ओसरीवर, झाडाखाली, आणि दोन हजारांहून जास्त मुलं त्यांत आली. त्यांच्या अभ्यासक्रमात हे प्रश्न होते. सत्ता आणि पैसा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडचं काय आपल्याला हवं? त्यांच्याकडचं काय नको? आणि आपल्याकडचं काय आपल्याला टिकवायचं? पहिल्या प्रश्नाची उत्तरं पटापट येतात: पक्कं घर, विहीर, गाडी, इंग्रजी शाळा. दुसऱ्याला वेळ लागतो. तिसऱ्याला वर्ग गप्प बसतो, मग कोणीतरी हळूच सुरू करतं. तांड्यावरच्या मुलींनी होळीच्या लेंगी गाण्यांचं नाव घेतलं. एका कोलाम मुलानं लिहिलं की पोडावर एकाच्या घरी शिजलं की शेजारच्या पोराला विचारावं लागत नाही. हा तिसरा प्रश्न वर्षातून दोनदा तरी विचारा, दिवाळीआधी आणि वर्ष संपताना. उत्तरं वाढत जातात.

परिपाठाची दहा मिनिटं मोकळी करा

आपला परिपाठ ठरलेला: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. पोरं उन्हात उभी आणि एक हुशार मुलगी सगळं वाचून दाखवते. अमेरिकेत फ्रीडम स्कूलचं नाव आणि परंपरा पुढे चालवणारे उन्हाळी वर्ग आजही भरतात. त्यांचा दिवस ‘हरांबी’नं सुरू होतो. सगळे गोल जमतात, बाहेरून आलेलं कोणी पुस्तक वाचून दाखवतं, गाणं आणि घोषणा होतात, मुलं एकमेकांचं नाव घेऊन कौतुक करतात, मग थोडं मौन. साधारण अर्धा तास.

आपल्याला अर्धा तास मिळणार नाही, पण दहा मिनिटं नक्की मिळतात. सुविचार रोज फळ्यावर लिहिता येतो, तो वाचून दाखवायची गरज नाही. ती जागा घ्या. रांगा मोडून गोल करा. रोज एक मूल आपल्या घरचं काहीतरी सगळ्यांना शिकवेल: गाणं, कोडं, टिपऱ्यांचा ठेका, शिट्टी, बैलाला वळवायचा आवाज. मग दोन मुलं दोन मुलांचं नाव घेऊन कौतुक करतील, आणि कौतुक नेमकं असलं पाहिजे. “राणी चांगली आहे” चालणार नाही. “राणीनं काल माह्या बहिणीले पाणी आणून देलं” हे चालेल. आठवड्यातून एकदा गावातल्या कोणालातरी बोलवा. आशाताई, खिचडी रांधणाऱ्या मावशी, खंजिरी वाजवणारे आजोबा. आमच्याकडे खिचडीवाल्या मावशींनी जात्यावरची ओवी म्हटली तेव्हा त्यांचा स्वतःचा नातू रांगेतून पुढे येऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला. त्याआधी शाळेत तो त्यांना ओळखही दाखवत नसे.

अंगाचा रंग मातीतून काढा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलांना स्वतःचं चित्र काढायला सांगा. रंगपेटीतली ती फिकट गुलाबी कांडी, जिला सगळे ‘स्किन कलर’ म्हणतात, ती हातोहात फिरते. काळीसावळी पोरं चेहऱ्याला ती लावतात. शाळेत एकमेकांना “काळ्या”, “कोळसा” म्हणतात आणि मोठी माणसंही लाडानं म्हटल्यासारखं तेच म्हणतात. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९४० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांसमोर सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा. चांगली बाहुली कोणती विचारल्यावर निम्म्याहून जास्त मुलांनी गोरी दाखवली. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा या अभ्यासाचाही दाखला दिला होता. आपल्या वर्गातली गुलाबी कांडी तीच गोष्ट सांगते.

त्यावर मी भाषण देत नाही. मी मुलांना माती आणायला सांगते.

प्रत्येकानं घरून मूठभर माती आणायची. कापसाच्या वावरातली काळी येते, पोडाकडची मुरमाड तांबूस येते, कोणी नाल्याची पिवळसर आणतं, कोणी भिंतीला लावायची पांढरी. थोडा गेरू दुकानातून. माती वाळवून, खडे काढून जुन्या ओढणीतून गाळून घ्या. बाभळीचा डिंक आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळपर्यंत तो विरघळतो. काडीकचरा निघावा म्हणून तोही गाळा. वाटीभर मातीला दोन-तीन चमचे डिंकाचं पाणी, आणि ब्रश ओढता येईल इतकं साधं पाणी थेंब थेंब घालत जा. चुना वापरू नका, हात भाजतात. फिकट हवं तर पांढरी माती किंवा खडूची पूड.

आता प्रत्येकाला करवंटी द्या आणि सांगा: स्वतःचा रंग तयार करा. पारखायचं कसं? बोटभर रंग मनगटाच्या वरच्या बाजूला लावायचा. तो दिसला तर अजून जमला नाही. दिसेनासा झाला की जमला.

चौथीतली एक पोरगी, पोडावरची, कधी मान वर करून न बोलणारी, सगळ्यात जास्त वेळ घेत होती. काळी माती, थोडा गेरू, परत काळी, परत गेरू. मनगट पुसायचं, परत लावायचं. बाकीच्यांची चित्रं सुरू झाली तरी तिचं चालूच होतं. आणि मग ती एकदम ओरडली, “मॅडम, कुठी गेलं पाहा! दिसूनच नाही रायलं!” सगळा वर्ग तिचा हात पाहायला जमला. मी म्हटलं, रंगाला नाव दे. ती म्हणाली, “आजीच्या हाताचा.” दुसरी नावंही आली: ओल्या वावराचा, गुळाच्या ढेपेचा, भाजल्या शेंगदाण्याचा, मोहाच्या बीचा. ती नावं आम्ही भिंतीवर लिहिली, प्रत्येक नावाखाली त्या रंगाचं बोट उमटवलं. त्या दिवसापासून चिडवायचं थांबलं असं मी म्हणणार नाही. पण कोणी “काळ्या” म्हटलं की आता तिसरंच पोरगं उत्तर देतं, “त्याचा रंग ओल्या वावराचा हाय, भित्तीवर पाय.”

यासोबत एक नियम मुख्याध्यापकांशी बोलून पक्का करा. गॅदरिंगला पोरांच्या तोंडाला पांढरी पावडर थापायची नाही. नाचणाऱ्या पोरीच्या गळ्याचा रंग वेगळा आणि चेहऱ्याचा वेगळा, हे दृश्य आपण इतक्या वर्षांत पाहून पाहून सरावलो आहोत. काजळ लावा, फुलं माळा, कपाळावर टिकली लावा. चेहरा आहे तसा राहू द्या.

पोळ्याला झडत्या लिहून घ्या

विदर्भातल्या शिक्षकाला मराठी लेखनासाठी पोळ्यासारखं दुसरं साधन शोधूनही सापडणार नाही. तोरणाखाली बैल उभे राहिले की म्हणायच्या झडत्या म्हणजे यमक, टीका आणि विनोद एकत्र. भाव मिळाला नाही, वीज गेली, पुढारी आला नाही, सगळं त्यात येतं. गावातल्या दोन जाणत्या माणसांना पोळ्याच्या आठ दिवस आधी वर्गात बोलवा आणि त्यांच्याकडून चार-पाच झडत्या ऐकवा. मुलांना ठेका टाळीवर धरायला लावा. मग गटात लिहायला बसवा. विषय त्यांचाच, अट एकच: जे पाहिलंय तेच लिहायचं. लिहिताना बोलीतले शब्द दुरुस्त करू नका. प्रमाण मराठीत लिहायचा तास वेगळा ठेवा, या तासात नको.

सहावीच्या एका गटानं हे लिहिलं:

आभाय आलं भरून, पाणी शिरलं शायेत,
बेडूक बसला पयल्या रांगेत, नाव त्याचं हजेरीत;
सरपंच म्हणे उद्या पाहू, उद्या काही आला नाही,
कवेलू टाका छतावर, नाही तर बेडूक जात नाही!

झडतीचा शेवट परंपरेनं महादेवाच्या जयघोषानं होतो. आमच्याकडे ज्या मुलांना तसा करायचा ती तसा करतात, बौद्ध मुलं “जय भीम” म्हणतात, तांड्यावरची “जय सेवालाल” म्हणतात, आणि सगळेच एकमेकांच्या घोषणेला साथ देतात. हे आधी ठरवून घ्या, ऐनवेळी वाद नको. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा (पैसे, खाऊ) मागत फिरतात; ज्याच्याकडे विकतचा नंदी नाही त्यानं मातीचा केला तरी चालतो, म्हणून आदल्या दिवशी शाळेतच सगळ्यांनी मातीचे बैल करावेत. बोजाऱ्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला.

भाद्रपदात भुलाबाई (मुलींचा गाण्यांचा सण) बसते तेव्हा मुलींच्या हातात वर्ग द्या. गाणी झाली की खिरापत ओळखायचा खेळ असतो: डब्यात काय आहे? गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? हा खेळ म्हणजे प्रश्न विचारून शक्यता कमी करत नेणं, आणि पाचवीच्या मुलांना वर्गीकरण शिकवायला यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही. मुलांनाही बसवा, त्यांनाही खिरापत खायची असतेच. टाळ्यांचे आणि दोरीउड्यांचे खेळ खेळणाऱ्या अमेरिकेतल्या काळ्या मुलींवर कायरा गाँट या अभ्यासक बाईंनी काम केलं आहे. त्या खेळांत ताल, लय आणि संगीताचं खरं ज्ञान साठवलेलं असतं, असं त्यांनी दाखवलं. टिपऱ्या खेळणाऱ्या पोरींकडे एकदा त्या नजरेनं पाहा. तांड्यावर तीज असते तेव्हा मुली टोपलीत गहू पेरून नऊ-दहा दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात. बीज अंकुरण हा धडा त्यांनाच शिकवू द्या. दसऱ्यानंतर बरीच घरं दीक्षाभूमीवरून पुस्तकं घेऊन येतात. ती पुस्तकं एक दिवस शाळेत मागवून वाचनाचा तास करा. दिवाळीत दंडार (आदिवासींचं नाचगाणं) पाहायला मात्र तुम्हीच पोडावर जा.

दुःखाचा धडा टाळू नका

आनंद वर्गात आणायचा म्हणजे अन्यायावर पांघरूण घालायचं, असा कोणी अर्थ काढू नये. १९६४ च्या त्या शाळांत मुलं मतदानाचा हक्क शिकत होती, आजूबाजूला चर्च जाळली जात होती, आणि तीच मुलं कविता करत होती, नाटक बसवत होती, स्वतःची वर्तमानपत्रं काढत होती. दोन्ही एकत्र चाललं.

आमच्या जिल्ह्याचं नाव बाहेर घेतलं की लोकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो आत्महत्या. माझ्या वर्गात अशा घरांतली मुलं आहेत. त्यांना मी हसायला लावत नाही. त्या मुलाच्या पानावर मी वेगळं काही लिहिते: त्याला कोणाशेजारी बसायला बरं वाटतं. गाण्याच्या वेळी त्याला नुसतं बसून राहायची मोकळीक द्यायची, तेवढंच. काही महिन्यांनी एखादं मूल स्वतःहून बापाची एखादी गमतीची गोष्ट सांगतं, बैलाशी कसा बोलायचा, पावसात कसा नाचायचा. तेव्हा थांबा, ऐका, आणि त्याची परवानगी घेऊन लिहून ठेवा. त्या माणसाचं जगणं त्याच्या मरणापेक्षा मोठं होतं, हे त्या पोरानं वर्गाला सांगितलेलं असतं.

इतिहासात हाच मार्ग धरा. मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती, फुल्यांच्या शाळेत शिकत होती. १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तो निबंध आहे, तो वाचून दाखवाच. पण त्यानंतर मुलांना विचारा: निबंध छापून आला त्या दिवशी ती घरी गेली असेल तेव्हा काय झालं असेल? कोणाला आधी सांगितलं असेल? आमच्या सातवीच्या मुलींनी यावर एक प्रवेश बसवला आणि त्यात मुक्ता सगळ्या वस्तीला गोळा करून स्वतःचं नाव वाचून दाखवते.

काही गोष्टी मी कटाक्षानं टाळते. पाहुणे आले की कोलाम-गोंड मुलांना पिसं लावून नाचवायचं नाही. नाच त्यांच्या सणाचा आहे, अधिकाऱ्यांच्या स्वागताचा नाही. एका मुलाला उभं करून “तुमच्यात काय करतात सांग” असं विचारायचं नाही. स्वतःच्या घराबद्दल सांगू द्या, समाजाचा प्रतिनिधी करू नका. आणि खेळाचा तास शिक्षा म्हणून किंवा शिष्यवृत्तीच्या सरावासाठी कापायचा नाही. ज्याला वाचता येत नाही त्याचाच खेळ आपण आधी काढून घेतो, आणि शाळेकडे खेचणारी त्याच्याजवळची एकुलती एक गोष्ट हिरावतो.

पाठटाचणात एक रकाना वाढवा

केंद्रप्रमुख विचारतील, पालक विचारतील, त्याची तयारी हवी. गोल्डी मुहम्मद या कृष्णवर्णीय प्राध्यापक बाईंनी धड्याची आखणी करताना पाच गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: या धड्यातून मुलाला स्वतःबद्दल काय कळेल, कोणतं कौशल्य येईल, कोणतं ज्ञान मिळेल, अन्याय ओळखायची नजर कशी येईल, आणि आनंद कुठे आहे. आनंद त्यांनी पुढे जोडला, आधी चारच होत्या. आपल्या पाठटाचणात, म्हणजे धड्याच्या आखणीच्या वहीत, अध्ययन निष्पत्तीचा (मुलाला काय यायला हवं त्याचा) रकाना असतोच. त्याच्या शेजारी पेन्सिलनं एक रेघ ओढा आणि वर ‘आनंद’ लिहा. तो रिकामा राहिला तर धडा परत वाचा. अपूर्णांक शिकवताना तिथे मी ‘भाकरीची वाटणी, सुमनची आजी’ असं लिहिलं होतं, आणि आजी खरंच आली होती. (नाव बदललं आहे.)

राज्यातल्या शाळांत २०२४ पासून आनंददायी शनिवार हा सरकारी उपक्रम आहे. चांगला आहे, वापरा. पण आनंद शनिवारावर ढकलला की सोमवार ते शुक्रवार मोकळा सुटतो, हे लक्षात असू द्या.

पालक म्हणतात, “मॅडम, नाचगाणंच चाललं, लेकरू शिकन कवा?” त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या पोराची झडती त्यालाच वाचून दाखवू द्या. ज्या आईला वाचता येत नाही तिला बोटानं अक्षर दाखवत तिचं लेकरू तिचंच गाणं वाचतं, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी दुसरं गाणं सांगायला येते. खर्चाचं म्हणाल तर डिंक, गेरू, वह्या, चार ब्रश. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मांडा, कोणी ना कोणी डिंक आणूनच देतं.

सुरुवातीसाठी मुहूर्त पाहू नका. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते, तेव्हा वही आणि माती. पुढे सण आपले आपण येतात. मार्चमध्ये सकाळची शाळा लागली की मोहफुलं वेचायला मुलं पहाटेच जातात आणि उशिरा येतात. त्यांना रागावू नका, किती पायली वेचली ते विचारा आणि फळ्यावर मांडा. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याचं काम सुरू होतं, बरीच घरं जंगलात असतात. जी मुलं मागे राहतात त्यांच्यासाठी मी सुटीतही वर्ग भरवते, कधी विहारात, कधी तांड्यावरच्या लिंबाखाली. पुस्तकं मधोमध ठेवायची, गाणं एक, गोष्ट एक, मग ज्याला जे वाचायचं ते. सकाळी सात ते नऊ. त्यानंतर पाय पोळतात, पोरांना सावलीतून घरी पाठवा.